देवी निर्मूलन : जबरदस्तीची लस योग्य होती का?

रानवाटा
१९७४ मध्ये भारतात देवीचे सुमारे १,८८,००० रुग्ण नोंदले गेले, ३१,००० हून जास्त दगावले. मे १९७५ नंतर देशात लागण थांबली. पराक्रमच तो. पण आताच्या झारखंडमधल्या सिंहभूमचा, मोहिमेतल्याच एका डॉक्टरने लिहिलेला प्रसंग मनातून जात नाही. रात्री झोपडीचं दार तोडून पथक आत घुसलं. 'हो' आदिवासी घरधन्याला जमिनीवर दाबून लस टोचली. बायकोने एका डॉक्टरला चावा घेतला, तिलाही टोचली. सगळं उरकल्यावर त्या माणसाने वेलीवरची काकडी तोडून त्याच डॉक्टरच्या हातात ठेवली. दारी आलेल्याचा पाहुणचार! मला हे वाचून शरम वाटली.

माधवी_नाशिक
शरम कसली? देवीने तिघांतला एक जायचा, वाचलेल्यांपैकी कित्येकांचे डोळे जायचे. औषध नव्हतं. रुग्णाभोवतीची सगळी घरं टोचून साखळी तोडायची, हाच मार्ग. एक घर सुटलं की पुन्हा लागण. शेजारच्या पोराच्या जिवाचं काय?

रानवाटा
साखळी तुटली ती रुग्णांच्या शोधामुळे. देवी आलेल्या बाळाचं चित्र दाखवत आरोग्यसेवक घरोघरी, शाळांत, बाजारांत फिरले. खबर देणाऱ्याचं बक्षीस वाढत १,००० रुपयांवर गेलं. रुग्णाच्या दाराशी पहारेकरी बसवले. एवढं हाताशी असताना दार का तोडायचं?

सह्यकडा
माझ्या आजीचा एक डोळा देवीत गेला. माधवीताईंशी सहमत.

अनुप_के
सोमालियाचा अली माओ मालिन आठवा. १९७७ चा, नैसर्गिक लागणीचा जगातला शेवटचा रुग्ण. इस्पितळात स्वयंपाकी, तरी दुखेल या भीतीने त्याने लस चुकवली होती. पुढे पोलिओच्या मोहिमेत तो आयांना आपलीच गोष्ट सांगायचा. भीती अशी जाते. जिथे धरून टोचलं, तिथे पुढच्या लसीला दार कोण उघडणार?

माधवी_नाशिक
रात्री दार तोडणं मलाही पटत नाही. पण मालिनचंच बघा. त्याला देवी निघाल्यावर मर्का गावात घरोघर फिरून, रस्त्यांवर नाके लावून ५०,००० वर लोकांना लस टोचली. एकेकाचं मन वळेपर्यंत थांबणं तिथे परवडलं असतं का?