भाड्याने आणलेली सिनेमाची डिस्क ओरिजिनल आहे की पायरेटेड, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

आमच्या घरी अजूनही सिनेमे डिस्क भाड्याने आणूनच बघतो. अडचण अशी की लायब्ररीवाले मूळ डबा स्वतःकडे ठेवतात आणि आपल्या हातात नुसत्या पाकिटातली डिस्क देतात. "कव्हरची छपाई बघा, होलोग्राम बघा, बारकोड बघा" हे सल्ले विकत घेणाऱ्याच्या कामाचे. माझ्याकडे बघायला फक्त डिस्क आहे.

सध्या दोन डीव्हीडी आणल्या आहेत. पहिलीवर एक जुना कृष्णधवल सिनेमा आहे. डिस्कची खालची बाजू जांभळट, पण चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट, कुठेही अडकत नाही. दुसरी अलीकडच्या सिनेमाची. खालून लखलखीत चंदेरी, वरची छपाईही छान. पण लावली तर मेनू नाही, सिनेमा थेट सुरू होतो, चित्र धुरकट आहे आणि सबटायटल्स संवादांच्या मागे राहतात.

जांभळी म्हणजे राइट केलेली आणि म्हणून चोरीची, चंदेरी म्हणजे ओरिजिनल, असं मी नेहमी ऐकत आले आहे. इथे सगळं उलटं दिसतंय. मी भाडं भरते ते सिनेमा बनवणाऱ्यांच्या कष्टाचा मान राखावा म्हणून. ते पैसे चोरट्या प्रती काढणाऱ्याकडे जात असतील तर मला ते अजिबात नको आहे. आणि पुराव्याशिवाय लायब्ररीवाल्यांवर आळ घ्यायचीही इच्छा नाही. नक्की कुठे बघू?

प्रतिसाद १

ताई, नुसत्या रंगावरून निकाल लावू नका.

कारखान्यातली डीव्हीडी साच्यातून निघते. साच्यात बसवलेल्या स्टँपर नावाच्या धातूच्या चकतीवरचे सूक्ष्म उंचसखल ठसे वितळलेल्या पॉलिकार्बोनेटवर उमटतात आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात, म्हणून ती चंदेरी. दोन थरांची, म्हणजे ४.७ ऐवजी ८.५ जीबीची असेल तर बरेचदा सोनेरी झाक येते. राइट करायच्या कोऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्य असतं. लेझरच्या उष्णतेने त्यात खुणा उमटतात आणि जांभळी-निळी छटा त्या रंगद्रव्याची असते. त्यामुळे तुमची पहिली डिस्क राइट केलेली आहे, एवढं धरून चाला.

पण राइट केलेली प्रत चोरीचीच असते असं नाही. कमी खपाचे जुने सिनेमे हजारोंनी छापणं परवडत नाही, म्हणून मागणी येईल तशी प्रत काढून विकायची पद्धत खुद्द स्टुडिओंनीच आणली. वॉर्नर ब्रदर्सची 'वॉर्नर आर्काइव्ह' ही मालिका २००९ साली अशीच डीव्हीडी-आर डिस्कवर सुरू झाली. तुमचा जुना सिनेमा अशा एखाद्या मालिकेतला असू शकतो. लायब्ररीत त्याचा डबा मागा आणि स्टुडिओचं नाव, कॉपीराइटची ओळ, प्रकाशनाचं वर्ष बघा. वर मार्करने नाव लिहिलेलं असेल, कागदी स्टिकर असेल किंवा ओलं बोट लावल्यावर शाई पसरत असेल, तर मात्र माझा संशय वाढेल.

आता चंदेरी डिस्क. चोरटा धंदा मोठा असला की तोही कारखान्यातच डिस्क प्रेस करून घेतो. ती दिसायला अगदी ओरिजिनलसारखी असते, म्हणून मी नेहमी भोकाभोवतीचा भाग आधी बघतो. १९९४ साली आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना आणि फिलिप्स यांनी मिळून एसआयडी कोड, म्हणजे डिस्क कुठे बनली ते ओळखायचा कोड, आणला. तो दोन जागी असतो. पहिला, डेटा सुरू होण्याआधीच्या आरशासारख्या पट्ट्यात: 'आयएफपीआय' ही रोमन अक्षरं आणि पुढे 'एल'ने सुरू होणारा कोड. हा मास्टर, म्हणजे ज्यावरून स्टँपर बनतो ती मूळ प्रत, कुठे बनला ते सांगतो. दुसराही 'आयएफपीआय'नेच सुरू होतो, पण त्यात 'एल' नसतो आणि तो बहुतेक वेळा भोकाजवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर असतो. तो साच्याचा, म्हणजे डिस्क कोणत्या कारखान्यात निघाली त्याचा. अक्षरं बारीक असतात. भिंग घ्या आणि दिव्याखाली डिस्क तिरकी धरून हळूहळू फिरवा.

दोन्ही कोड स्वच्छ दिसले तर ती चांगली खूण. मात्र बनावट कोडही घातले जातात आणि काही अस्सल डिस्कवर, विशेषतः कोड येण्याआधीच्या सीडीवर, ते नसतात. कोड बघून झाल्यावर बाकीच्या खुणांशी ताडून बघाच.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. संगणकात डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर डिस्क राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा प्रकार दिसतो. डीव्हीडी-रॉम दिसलं तर बहुधा प्रेस केलेली, डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी प्लस आर दिसलं तर राइट केलेली. यात एक पळवाट आहे. डीव्हीडी प्लस आर राइट करताना तिचा 'बुक टाइप', म्हणजे डिस्कवर नोंदलेला तिचा प्रकार, बदलून ती डीव्हीडी-रॉम असल्याचं सांगता येतं. सॉफ्टवेअर एक सांगतंय आणि खालची बाजू जांभळी दिसतेय, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

स्टुडिओच्या बहुतेक डीव्हीडींवर कॉपी रोखणारं सीएसएस हे कुलूप असतं. त्याच्या किल्ल्या डिस्कच्या सुरुवातीच्या ज्या भागात असतात तो भाग साध्या कोऱ्या डिस्कवर लिहिता येत नाही, म्हणून घरी काढलेल्या प्रतीत बहुधा कुलूप नसतं आणि रीजन कोडही (डिस्क ठराविक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालावी म्हणून घातलेला) काढून टाकलेला असतो. पण काही प्रकाशक स्वतःच दोन्ही घालत नाहीत, त्यामुळे कुलूप नाही एवढ्यावरून कुणाला चोर म्हणू नका. तसंच, 'मेकिंग'चे व्हिडिओ नाहीत म्हणूनही संशय घेऊ नका. काही स्टुडिओ भाड्यासाठी अशा जादा गोष्टी वगळून वेगळी आवृत्ती काढायचे.

मेनूच नसणं आणि सबटायटल्स मागे राहणं मात्र मला गंभीर वाटतं. चित्रात प्रेक्षकांच्या सावल्या हलतात का? पडदा किंचित तिरका दिसतो का? मध्येच खोकला, हशा ऐकू येतो का? तसं असेल तर थिएटरात कॅमेरा लावून केलेलं चित्रण आहे. सिनेमा अजून फक्त थिएटरात असताना डिस्क बाजारात आली असेल तर मी पुढचं काही तपासणारच नाही.

प्रतिसाद ३

फक्त ब्लू-रेबद्दल सांगतो. तिथे रंगाची युक्ती चालत नाही. राइट करायच्या बऱ्याच ब्लू-रेमध्ये सेंद्रिय रंगद्रव्य नसतं, त्यामुळे त्या राखाडी किंवा तपकिरी दिसतात. प्रेस केलेल्या डिस्कशेजारी ठेवली तरच फरक कळतो. सिनेमा सुरू होऊन बऱ्याच वेळाने प्लेअर सिनेमा थांबवून किंवा आवाज बंद करून सिनाव्हियाची सूचना दाखवत असेल तर ती मोठी खूण आहे. सिनाव्हिया म्हणजे कॉपी ओळखण्यासाठीचा छुपा संकेत; तो मूळ आवाजातच मिसळलेला असतो आणि कॉपी केल्यावरही टिकतो. संदेश क्रमांक १ आला तर आवाज थिएटरच्या प्रतीवरून घेतलेला, ३ आला तर ओरिजिनल डिस्कवरून.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग घेऊन बसले. जांभळीवर स्टुडिओचं नाव नीट छापलेलं आहे, शाई पसरत नाही. तिचा डबा मागून बघेन. चंदेरीवर आरशासारख्या पट्ट्यात कोड असायला हवा तिथे खरवडल्यासारखा आडवा ओरखडा आहे, अक्षर एकही लागत नाही. भाड्याची डिस्क आहे, लायब्ररीत पॉलिश करतात. त्याने असं होऊ शकतं का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

नाही. 'एल'वाला कोड डेटाच्याच थरात, प्लास्टिकच्या आत असतो. डीव्हीडीत पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल. पॉलिशने वरचे चरे जातात, आतली अक्षरं पुसली जात नाहीत. नखाने बघा: वरून सपाट लागतंय आणि ओरखडा आत दिसतोय, तर तो प्रेस करण्याआधीच स्टँपरवर मारलेला आहे. कारखान्याचा माग लागू नये म्हणून असं करतात. धुरकट चित्र, मेनू नाही, त्यात हा ओरखडा. माझ्या मते ही पायरेटेडच.

लायब्ररीवाल्यांशी बोलताना डिस्क आणि भिंग दोन्ही घेऊन जा आणि ओरखडा दाखवा. पुरवठादाराने त्यांनाही फसवलेलं असू शकतं. तिचा मूळ डबा आणि खरेदीची पावती बघायला मागा. डिस्क अस्सल निघाली तरी ती भाड्याने द्यायचा हक्क हा वेगळा विषय आहे. ट्रिप्स या बौद्धिक संपदेबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ११व्या कलमात सिनेमांच्या भाडेहक्काची तरतूद आहे, पण तिला अपवाद आहेत आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. तेव्हा त्यांच्याकडे भाड्याने द्यायचा परवाना आहे का, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. आणि तोवर ती डिस्क परत करू नका.