'आर यू बीइंग सर्व्ड?' अजून हसवते का?

शिंप्याची_कैची: परवा पुन्हा 'आर यू बीइंग सर्व्ड?' बघायला घेतली. बीबीसीची मालिका, पहिला भाग १९७२चा, शेवटचा १९८५चा, एकूण ६९. लंडनमधलं ग्रेस ब्रदर्स नावाचं जुनाट मोठं दुकान, त्यातला कपड्यांचा एक मजला आणि तिथली विक्रेते मंडळी. बास. गोष्ट शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तरी हलकंफुलकं म्हणून हिच्या तोडीचं मला दुसरं सापडलेलं नाही. गिऱ्हाईक आलं की मजल्यावर देखरेख करणारा कॅप्टन पीकॉक एका विक्रेत्याला ऐटीत विचारणार, "मिस्टर हम्फ्रीज, आर यू फ्री?" हम्फ्रीज रिकामाच उभा, पण आधी इकडेतिकडे बघणार आणि मग "आय ॲम फ्री!" काय येणार ते पाठ आहे, तरी हसतो.

निर्मला_ठाणे: पाठ आहे म्हणूनच कंटाळा येतो हो! मुळात ही लागली तीच वेळ भरायला. म्युनिक ऑलिंपिकवर हल्ला झाला, प्रक्षेपण कोलमडलं, तेव्हा बीबीसीने फडताळात पडलेला हा भाग बाहेर काढला. पुढे काय, तर बायकांच्या खात्यातल्या स्लोकोम्बबाईंच्या केसांचा रंग दर वेळी नवा आणि त्यांच्या मांजरीवरचा, 'पुसी' या शब्दाचा द्व्यर्थी विनोद मात्र तोच. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याने केला की चावट, इंग्रज बाईने केला की 'ब्रिटिश ह्यूमर'! आणि हम्फ्रीजच्या नुसत्या बायकी चालण्यावर हशा? त्यावर तेव्हा तिथल्या समलिंगी हक्कांच्या चळवळीनेही आक्षेप घेतला होता.

शिंप्याची_कैची: सोंगाड्याचं शंभर टक्के मान्य. हम्फ्रीजचं अर्धंच. त्या मजल्यावर सगळ्यात खुशीत असलेला माणूस तोच आहे. बाकीचे आपापल्या मानापमानात कुढतात, हा मजेत.

निर्मला_ठाणे: तो खुशीत आहे, पण प्रेक्षक कशाला हसतोय ते बघा ना.

गल्ल्यामागचा: मध्येच बोलतो. मी दोन वर्षं दादरला साड्यांच्या दुकानात घड्या घातल्यात. मला त्यात मांजर दिसतच नाही, पायरी दिसते. ज्येष्ठ विक्रेता मिस्टर ग्रेंजर खुर्चीत पेंगत असला तरी गिऱ्हाईक आधी त्याचं, धाकट्या लुकासने पुढे व्हायचं नाही. आमच्याकडेही काका चहा पीत असले तरी पहिली साडी तेच उलगडणार. लेखकांपैकी जेरेमी लॉइड स्वतः पिकॅडिलीच्या सिम्प्सन्स दुकानात कामाला होता, ते जाणवतं. बाही लांब झाली की हे सांगणार, 'वापरात वर चढेल'. आम्ही सांगायचो, 'एका धुण्यात बसेल'. आणि तो म्हातारा मालक, नाव 'यंग' मिस्टर ग्रेस! थरथरत येतो, "यू हॅव ऑल डन व्हेरी वेल!" म्हणतो आणि जातो. पगारवाढ नाहीच. आमचे शेठ दिवाळीला पेढ्यांचा पुडा देऊन हुबेहूब हेच करायचे.

निर्मला_ठाणे: हे मात्र पटलं. पहिल्याच भागात बायकांचं खातं पुरुषांच्या मजल्यावर आणून बसवतात आणि जागेवरून जुंपते, ते मलाही आवडलं होतं. पण तेवढ्यावर ६९ भाग? ग्रेंजर करणारे आर्थर ब्रो १९७८ला गेले, त्यानंतर त्या खुर्चीत एकही धड टिकला नाही. तिथेच थांबवायला हवी होती.

शिंप्याची_कैची: यावर मी भांडणार नाही. शेवटचे हंगाम मीही पळवतच बघतो.

गल्ल्यामागचा: ताई, १९७५चा 'जर्मन वीक' बघा. जर्मन माल खपवायला पुरुषांना चामडी चड्ड्या घालून उभं करतात आणि माल काही हलत नाही. आमच्या शेठने एकदा पैठणी महोत्सवात आम्हाला फेटे बांधले होते, तेव्हाचे आमचे चेहरे असेच.

निर्मला_ठाणे: बघते. हसू आलं तर इथे मुळीच सांगणार नाही.