ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केल्यावर होणारा त्रास कसा आवरावा?

पेडण्याची ताई:
माझा धाकटा भाऊ ब्राऊन शुगरच्या आहारी गेला होता. आता डॉक्टरांनी त्याला ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची जिभेखाली धरायची गोळी सुरू केली आहे. ओढ बरीच ओसरली; मात्र डोकेदुखी, मळमळ, रात्रीचा घाम आणि शौचाला न होणे यांमुळे तो वैतागला असून ‘यापेक्षा गोळीच नको’ म्हणू लागला आहे. त्यात आई ‘एक सोडून दुसरे व्यसन धरले’ असे ऐकवते. पुढच्या तपासणीपर्यंत घरी काय करता येईल?

फोंड्याचा फार्मासिस्ट:
ताई, कोणता त्रास गोळीचा आणि कोणता व्यसन तुटल्याचा, हे आधी पाहावे लागते, कारण दोहोंवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. घाम, जांभया, नाक गळणे, अंगावर काटा ही लक्षणे पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की वाढत असतील आणि गोळीनंतर उतरत असतील, तर मात्रा कमी पडत असण्याची शक्यता अधिक. गोळी घेतल्यावर पेंग येत असेल, तर मात्रा जास्त होत असेल. गोळीची आणि त्रासाची वेळ वहीत टिपून ती वही डॉक्टरांना दाखवा, मात्रा तेच बसवतील. डोकेदुखी आणि मळमळ बहुधा थोड्या आठवड्यांत कमी होतात; यकृताचा विकार नसेल तर डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालते.

बद्धकोष्ठता मात्र वाट पाहून जात नाही, कारण हे औषध आतड्यांची हालचालच मंदावते. पेज, तांबडी भाजी, फिरणे हे सारे करावेच. पण पुरेसे पाणी न पिता इसबगोल घेतला तर पोट उलट अधिक घट्ट होते. त्यापेक्षा लॅक्टुलोजसारखे औषध डॉक्टरांना विचारून सुरुवातीपासूनच घेतलेले बरे.

म्हापशाचा एक रुग्ण:
मी हीच गोळी घेतो. तुमचा भाऊ ती विरघळण्याआधी गिळत तर नाही ना, हे पाहा. गिळलेले औषध यकृतातच बरेचसे निकामी होते. पाच-दहा मिनिटे न बोलता, न खाता-पिता जिभेखाली धरायची, पूर्ण विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि दात तासाभरानंतरच घासायचे, कारण या गोळीने दात किडू शकतात. उरलेली लाळ थुंकू लागल्यावर माझी मळमळ कमी झाली, अर्थात हे डॉक्टरांना सांगूनच केले. आणि तुमच्या आईंना सांगा, की ही गोळी घेऊन मी रोज वेळेवर कामावर जातो. पूर्वी सारा दिवस माल शोधण्यातच जात असे.

पेडण्याची ताई:
दोघांचेही आभार. त्याला झोप लागत नाही; आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धी दिली तर चालेल का?

फोंड्याचा फार्मासिस्ट:
मुळीच देऊ नका. अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या किंवा फेणी या औषधाबरोबर पोटात गेली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, म्हणून घरातल्या त्या गोळ्या कुलपात ठेवा. निद्रानाशही वहीत लिहा, डॉक्टर त्यावर सुरक्षित उपाय देतील. भाऊ हाक मारून जागा होत नसेल, श्वास संथ किंवा घरघरीचा वाटत असेल, ओठ निळे पडले असतील, तर लगेच १०८ला फोन करा. पेंग येते तोवर स्कूटरही चालवू देऊ नका.

त्याने गोळी अचानक सोडली आणि पुन्हा ब्राऊन शुगरकडे वळला, तर शरीराची पूर्वीची सवय मोडलेली असल्याने जुनीच मात्रा जीवघेणी ठरू शकते. त्रास असह्य झाला तर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. उपचार जिथे चालू आहेत तिथे, नाहीतर बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत दाखवा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.