युरोप टूर आणि पाळी: पॅड्स इथूनच सगळे न्यायचे का?

निशिगंध_२१

मैत्रिणींनो नमस्कार, मेच्या शेवटी आम्ही ग्रुप टूरने युरोपला जातोय. आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मधे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचा एक दिवस आणि शेवटी इटली. मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली लेक. लेकीची पाळी मागच्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाली, अजून तारखांचं काही खरं नाही, कधी पंचवीस दिवसांनी येते तर कधी दीड महिना पत्ताच नसतो. माझी मात्र अगदी वेळेवर असते आणि हिशोब केला तर बरोबर टूरच्या मधोमध, ज्या दिवशी स्वित्झर्लंडच्या बर्फातल्या युंगफ्राउयोखला वर जायचंय त्याच्या आसपास येतेय. पहिले दोन दिवस मला फार जातं, दर तीन तासांनी बदलावं लागतं.

इथून दोघींना पुरतील एवढे पॅड्स भरले तर अर्धी बॅग त्यातच जाईल, खाण्याचे डबे वेगळेच. तिकडे मिळतात हे माहितीये पण नेमके कुठे, मेडिकलमध्ये की किराण्यात, आणि पाकिटावर जर्मन नाहीतर फ्रेंच असेल तर ओळखायचं कसं? दिवसभर बसमध्ये असताना बदलायचं कुठे आणि वापरलेले टाकायचे कुठे? धाकटी जाऊ म्हणते पुढे ढकलायची गोळी घे आणि मोकळी हो, मला बीपीची गोळी चालू आहे म्हणून धीर होत नाहीये. आणि सगळ्यात जास्त काळजी लेकीची आहे. ती बाबासमोर या विषयावर एक शब्द बोलत नाही, बसमध्ये तीस-चाळीस अनोळखी माणसं, तिथे तिला अचानक आली तर ती पोर कोणाला सांगणारच नाही आणि तशीच बसून राहील. जाऊन आलेल्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

काळी_माती

निशिगंध, मी स्टुटगार्टला राहते, ब्लॅक फॉरेस्ट आमच्यापासून जवळच, त्यामुळे त्या भागाचं नीट सांगू शकते. पहिली गोष्ट, मेडिकलमध्ये शोधूच नका. जर्मनीत लाल रंगाचं मोठं ए अक्षर असलेली जी दुकानं दिसतात ती अपोथेके, म्हणजे औषधांची. पॅड्ससाठी जायचं डीएम किंवा रॉसमन नावाच्या दुकानात, साबण-शाम्पू-डायपर सगळं जिथे मिळतं तिथे, नाहीतर कुठल्याही सुपरमार्केटमध्ये. या दोघांचे स्वतःचे ब्रँड आहेत, डीएमचा येसा आणि रॉसमनचा फासेल, साधं पाकीट दोन युरोच्या आसपास किंवा त्याहून कमीत मिळतं आणि क्वालिटी चांगली आहे, मी तेच वापरते. ओळखीचंच हवं असेल तर ऑलवेज घ्या. आपल्याकडे जे व्हिस्पर तेच युरोपात ऑलवेज, कंपनी एकच.

भाषेचं टेन्शन घेऊ नका पण एक नक्की बघा. पाकिटावर थेंबांची चित्रं असतात, जितके जास्त थेंब भरलेले तितकं जास्त शोषणारं. तुम्हाला फार जातं तर ऑलवेजचे १ ते ५ असे साइज नंबर असतात, त्यातला ३ किंवा ४ घ्या, ते रात्रीचे लांब पॅड. जर्मनमध्ये पॅडला बिंडन म्हणतात. त्याच रॅकवर श्लिपआइनलागन लिहिलेली पाकिटं असतात, दिसायला तशीच आणि स्वस्तही, पण ते पातळ लायनर, त्यावर पाळी निभणार नाही. फ्रान्समध्ये सर्व्हिएत इजिएनिक, रात्रीचं म्हणजे नुई. इटलीत असोरबेंती, रात्रीचं नोत्ते, तिथे लीनेस हा ब्रँड सगळीकडे दिसेल.

आता खरी अडचण कुठे येते ते सांगते. दुकानं रविवारी बंद! जर्मनी आणि स्वित्झर्लंड दोन्हीकडे. आणि तुम्ही मेच्या शेवटी येताय तर त्या काळात ईस्टरच्या हिशोबाने येणाऱ्या सुट्ट्या असतात, एक गुरुवारची आणि एक सोमवारची, म्हणजे रविवार-सोमवार सलग दोन दिवस बंद असंही होऊ शकतं. तेव्हा उघडी असतात ती फक्त मोठ्या रेल्वे स्टेशनातली आणि एअरपोर्टवरची दुकानं आणि पेट्रोल पंपावरची छोटी दुकानं. पंपावर मिळतात पण महाग आणि साइज मिळेल तो घ्यायचा. तुमच्या वर्षीच्या सुट्ट्यांच्या तारखा आत्ताच बघून ठेवा.

पोट दुखतं त्यासाठी आयबुप्रोफेन लागली तर ती मात्र अपोथेकेतच मिळते, डीएममध्ये नाही. तुमची नेहमीची गोळी भारतातूनच आणा.

लेकीसाठी एक सांगू? तिला आमच्याकडच्या डीएममध्ये घेऊन जा आणि तिलाच पाकीट निवडू दे. इथे कोणी कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देत नाही, साबण-शाम्पूच्या शेजारी काउंटरच्या पट्ट्यावर ठेवायचं, पैसे द्यायचे, निघायचं. मागे उभा असलेला माणूस बघतही नाही. माझी भाची पुण्याहून आली होती, तिच्या चेहऱ्यावरचा ताण त्या एका दुकानात उतरलेला मी पाहिलाय.

सह्याद्रीवासी

मी टूर मॅनेजर आहे, युरोपच्या बसबरोबर बरीच वर्षं जातेय त्यामुळे बसमधलं सांगते.

तुम्ही काही सांगितलं नाही तरी बस थांबतेच. तिकडे कायदाच आहे, साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटांचा ब्रेक घ्यावाच लागतो, तोही पंधरा आणि तीस मिनिटं असा तोडून घेता येतो. त्यामुळे प्रत्यक्षात दोन-अडीच तासांनी कुठे ना कुठे थांबणं होतं. तीन तासांचा तुमचा हिशोब त्यात बसतो, फक्त प्रत्येक स्टॉपला उतरायचंच, आत्ता गरज नाही म्हणून बसून राहायचं नाही. आणि पुढच्या सीटवर बसा, कारण चाळीस जण एकदम उतरले की बायकांच्या टॉयलेटची रांग दारापर्यंत येते आणि तुमचा अर्धा वेळ रांगेतच जातो. बसमधल्या टॉयलेटच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच बसमध्ये ते कुलूप लावूनच ठेवतात.

सुट्टी नाणी हवीत. जर्मनीच्या हायवेवर सॅनिफेअर नावाची टॉयलेट्स असतात, एक युरो टाकला की फाटक उघडतं आणि तेवढ्याच किमतीचं कुपन मिळतं जे तिथल्या दुकानात चालतं. स्वच्छ असतात. लेकीच्या पर्समध्ये तिची वेगळी दोन-तीन नाणी ठेवा म्हणजे आईला शोधत फिरायला नको. आत छोटा झाकणाचा डबा असतो, बऱ्याच ठिकाणी कागदी पिशव्याही लावलेल्या असतात, पॅड त्यात गुंडाळून डब्यातच टाकायचा, कमोडमध्ये अजिबात नाही, वेट वाइप्सपण नाही, जाहिरातीत काही का लिहिलेलं असेना. डबा दिसलाच नाही तर म्हणून दोन-चार झिपलॉक पिशव्या जवळ ठेवा.

आणि पाणी!! जेट नसतो, मग नसतो. आपल्या बायकांना पाळीत पाण्याशिवाय फार अवघड जातं. अर्धा लिटरची रिकामी बाटली पर्समध्ये ठेवायची, बेसिनवर भरायची आणि आत न्यायची. हा सल्ला मी प्रत्येक ग्रुपला देते आणि पहिल्याच दिवशी सगळ्या बायका येऊन थँक्यू म्हणतात.

युंगफ्राउयोखच्या दिवशी सगळं सामान अंगाबरोबर हवं. ३,४५४ मीटरवर टॉयलेट्स चांगली आहेत पण दुकानं चॉकलेटची आणि घड्याळांची, सुपरमार्केट नाही. जॅकेटच्या आतल्या खिशात दोन पॅड ठेवून द्या. आदल्या संध्याकाळी घेऊ असंही ठरवू नका, स्विस गावातली दुकानं साडेसहा-सातला बंद होतात आणि आपली बस हॉटेलला पोचते तेव्हा बरेचदा आठ वाजलेले असतात. इंटरलाकेनला मुक्काम असेल तर ओस्ट स्टेशनच्या समोरच कूप नावाचं सुपरमार्केट आहे, दुपारी वेळ मिळाला की तिथेच उरकून घ्या.

एक विनंती, टूर मॅनेजर पुरुष असला तरी पहिल्या दिवशीच त्याला सांगून ठेवा की लेकीसाठी कधीतरी अचानक बस थांबवावी लागेल. कारण सांगायची गरज नाही. चांगला माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही. लेकीशी एक इमोजी ठरवून ठेवा, तो व्हॉट्सअ‍ॅपवर आला की तुम्ही उठायचं आणि ड्रायव्हरकडे जायचं. तिला तोंडाने काही बोलावंच लागणार नाही.

डॉक्टर_वहिनी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. गोळीबद्दल लिहिते कारण मे महिना आला की रोज दोन-तीन जणी हेच विचारायला येतात, आणि त्याहून जास्त जणी न विचारताच मेडिकलमधून घेऊन टाकतात.

पाळी पुढे ढकलायला आपल्याकडे सर्रास जी देतात ती नॉरएथिस्टेरॉन. अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायची, हवे तेवढे दिवस रोज घ्यायची, थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. डोस मुद्दाम लिहीत नाहीये. बहुतेक निरोगी बायकांना ती चालते पण सगळ्यांना नाही. पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, लिव्हरचा त्रास असेल, ज्या मायग्रेनमध्ये डोळ्यांसमोर चमचमतं तसं मायग्रेन असेल, ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर नाही. या गोळीचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, लांबचं विमान आणि दिवसभर बसमध्ये बसणं हे गुठळीच्या दृष्टीने आधीच चांगलं नसतं, म्हणून बीपी असलेल्या बाईने तपासल्याशिवाय घेऊ नये. निशिगंध, तुमची भीती रास्त आहे. निघायच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा, बीपी मोजू द्या, मग दोघी मिळून ठरवा. आणि हो, ही गर्भनिरोधक गोळी नव्हे, तो गैरसमज फार आहे.

लेकीला गोळी देण्याचा विचारही नको. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी २१ पासून ४५ दिवसांपर्यंत कधीही आली तरी ते नॉर्मल असतं, तिची तारीख कुठली का असेना, दोन-तीन पॅड आणि एक जादा निकर तिच्या पाठपिशवीत रोज असू द्या. प्रवासात, झोप बिघडली की मोठ्यांचीही पाळी चार दिवस इकडे तिकडे होते, त्यामुळे तारीख टूरनंतरची आहे म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नये.

पोटदुखीसाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घेत असाल तर मूळ पट्टीसकट आणि प्रिस्क्रिप्शनच्या कॉपीसकट न्या, सुट्या गोळ्या डबीत नकोत. खाऊन मगच घ्या. बीपीच्या पेशंटने ती किती घ्यावी हेही त्याच भेटीत विचारा.

निशिगंध_२१

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! इमोजीची आयडिया लेकीला सांगितली, तिने लगेच टरबूज निवडलं 😊 आणि आश्चर्य म्हणजे स्वतःहून म्हणाली की बाबालापण सांग टरबूज आलं तर काय करायचं ते. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. आता मी असं ठरवतेय की दोघींच्या पहिल्या दोन दिवसांचे इथूनच न्यायचे, थोडे हँडबॅगेत आणि थोडे मोठ्या बॅगेत, बाकी तिथे घ्यायचे. मैत्रीण म्हणतेय त्यापेक्षा मेन्स्ट्रुअल कप (आत बसवायचा, रक्त साठवणारा) घे, प्रश्नच मिटेल. कोणी वापरलाय का प्रवासात?

ओंजळभर

मी वापरते, आणि प्रवासाला त्याच्यासारखं काही नाही, बारा तासांपर्यंत राहतो, कचरा नाही, विमानात सिक्युरिटीला अडवत नाहीत. पण ताई, टूरमध्ये पहिल्यांदा वापरायला घेऊ नका हो. बसवायचा-काढायचा हात बसायला दोन-तीन पाळ्या जातात आणि तुम्हाला फार जातं म्हणजे तो बाराऐवजी लवकर रिकामा करावा लागेल, ते हायवेच्या टॉयलेटमध्ये शिकायचं काम नाही. आत्ता घेतलात आणि जायच्या आधी दोनदा घरी वापरून बघितलात तर मग न्या. उकळायचं ते निघताना घरी आणि परत आल्यावर घरी, मधे स्वच्छ पाण्याने धुतला तरी चालतो, तिकडचं नळाचं पाणी बहुतेक सगळीकडे पिण्याचं असतं. हॉटेलच्या किटलीत कृपा करून उकळू नका, त्यात पुढचा माणूस चहा करणार असतो.

नाही जमला तर पीरियड पँटी, म्हणजे रक्त शोषून घेणारी निकर, बघा. पॅडच्या जोडीला वापरायची, लांबच्या बसच्या दिवशी आणि रात्री हॉटेलच्या पांढऱ्या चादरीवर निर्धास्त झोपता येतं. लेकीसाठीपण उत्तम.

वाऱ्याची_दिशा

युरोपचं सगळं आलंच आहे वर, कोणी जपानला जाणारं हा धागा वाचत असेल तर थोडं लिहिते, मी ओसाकाला असते. कोपऱ्याकोपऱ्यावर सेव्हन इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट, बहुतेक चोवीस तास उघडी, तिथे छोटी पाकिटं मिळतात, जास्त चॉइस हवा तर ड्रगस्टोअर. लोरिए, सोफी आणि एलिस हे ब्रँड. पाकिटावर लांबी सेंटिमीटरमध्ये आकड्यात लिहिलेली असते त्यामुळे जपानी वाचता आलं नाही तरी कळतं, २१-२३ चे दिवसाचे, २९ च्या पुढचे रात्रीचे, अगदी ४० पर्यंत असतात. पंख असलेले आणि नसलेले वेगळे, पाकिटावर चित्र बघून घ्या. टँपॉन वापरणाऱ्यांनी मात्र भारतातूनच घेऊन या, इकडे चॉइस फार कमी. पाळीत ऑनसेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, सार्वजनिक कुंडात उतरत नाहीत, खोलीतलीच अंघोळ करायची. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच, त्यामुळे टॉयलेटमधल्या छोट्या डब्यातच टाकून बाहेर पडा. इथल्या टॉयलेटला पाण्याचा जेट असतो ही मोठी सोय, बाटली न्यायची गरज नाही.

काळी_माती

निशिगंध, ब्लॅक फॉरेस्टचा दिवस कुठल्या वारी येतो ते टूरच्या कागदावर बघून इथे टाका. तिथल्या टिटिझे तलावाला थांबणार असाल तर रविवारीही तिथली पर्यटकांची दुकानं उघडी असतात पण ती कुकू क्लॉक आणि केकची, पॅड्ससाठी उपयोग नाही. रविवार निघाला तर आदल्या दिवशी स्वित्झर्लंडमध्येच स्टेशनवरून घेऊन ठेवा.