मदत हवी आहे: पाण्यात पेंडुलमचा आवर्तकाल चुकतोय (अर्जंट)

सातारी_बारावी
डँपिंगवर (हेलकावे हळूहळू लहान होत थांबतात ते) प्रोजेक्ट आहे, सोमवारी जर्नल द्यायचंय. हवेत आवर्तकाल (एका हेलकाव्याचा वेळ) 1.42 सेकंद आला, तो बरोबर आहे. पाण्यात 2.7 येतोय. त्यावरून g (गुरुत्व त्वरण) काढला तर तोही 2.7! सर म्हणतात डँपिंगमुळे वाढतो, तसंच लिही. पण सूत्रात घातलं की जुळत नाही. काय चुकतंय? लवकर सांगा.

कृष्णाकाठ_सांगली
दोरी किती? गोळा कसला? दोरीसकट बुडवलास की नुसता गोळा? हे तू सांगणार नाहीस, मग आम्ही साताऱ्यात येऊन बादलीत डोकवायचं का?

गॅरेजवाला_वाई
भावा, डँपिंग म्हंजे शॉकअप. गाडीचं हँडल दाबून सोड. एकदा वर येऊन गप बसलं तर ऑइल ठीक. दोन-तीनदा डुललं तर सील गेलंय. पसरणी घाटात कळतंय लगेच.

सातारी_बारावी
गाडीचं नाही विचारलं काका.
दोरी 50 सेमी, नुसता गोळा पाण्यात.

नाना_निवृत्त
डँपिंगने आवर्तकाल वाढतोच. आयुष्यभर हेच शिकवलंय. सर बरोबर सांगतात, उगाच मुलाचा गोंधळ करू नका.

कृष्णाकाठ_सांगली
नाना, वाढतो हे कोण नाकारतंय? किती वाढतो ते बघा ना. पोरा, आयाम, म्हणजे गोळा मधल्या जागेपासून जितका लांब जातो ते अंतर, किती हेलकाव्यांत अर्धा झाला?

सातारी_बारावी
6 सेमीवरून 3 सेमी, साधारण 2 हेलकाव्यांत. एकूण 4च मोजता आले, 10.8 सेकंद.

कृष्णाकाठ_सांगली
मग 2 चा नॅचरल लॉग 0.693, भागिले 2, म्हणजे दर हेलकाव्याला 0.35. त्याला 2π ने भाग, वर्ग कर, निम्मं कर. 0.0015 येतं, आवर्तकाल तेवढ्या पटीनेच वाढतो. डँपिंगने 1.42 चे 1.422 झाले, बस्स. 2.7 नाही होत, नाना.

पाटणकर
डुलण्यावरून आठवलं, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या आज्जीच्या घरातला टांगलेला कंदील किती तरी वेळ हलत होता म्हणे. धरणालाही तडे गेले होते. आता आरसीसी इमारतींच्या डिझाइनमध्ये साधारण 5 टक्के डँपिंग धरतात.

सीईटी_टॉपर
सीईटीला हा भाग फार येत नाही. रोटेशनल आधी कर.

कृष्णाकाठ_सांगली
गोळा कसला ते अजून सांगितलंच नाहीस.

सातारी_बारावी
कॉलेजचा घरी देत नाहीत. टेबल टेनिसचा बॉल घेतला, भोक पाडून वाळू भरली, एम-सील लावलं. 54 ग्रॅम भरला. त्याने काय फरक पडतो?

कृष्णाकाठ_सांगली
सगळा फरक तिथेच आहे! 4 सेमी व्यासाचा बॉल म्हणजे 33.5 घनसेमी. घनता 1.6. पाण्याची घनता 1, तेवढं पाणी वर ढकलतं, म्हणून खाली ओढायला उरले 0.6. शिवाय गोळा हलताना आपल्या निम्म्या आकारमानाइतकं पाणी सोबत हलवतो, म्हणजे जडत्व 1.6 अधिक 0.5, 2.1. 2.1 भागिले 0.6, वर्गमूळ 1.87. आता 1.42 ला गुण.

सातारी_बारावी
2.66!! बाकीचं 0.04?

कृष्णाकाठ_सांगली
बादलीची भिंत जवळ असली की पाण्याला सरकायला जागा कमी मिळते, थोडं आणखी वाढतं. आणि 4 हेलकावे हाताने मोजलेस, तेवढी चूक तुझ्या अंगठ्याची. डँपिंग बघायचं तर आयाम मोज. त्याचा लॉग आणि हेलकाव्यांची संख्या असा ग्राफ काढ. जिथे रेघ सरळ येते तिथे डँपिंग वेगाच्या प्रमाणात आहे. सुरुवातीला वाकली तर खोडरबर घेऊ नकोस, पाण्यात मोठ्या झोक्यांना तसं होतं.

नाना_निवृत्त
पाण्याच्या जडत्वाचं आमच्या पुस्तकात नव्हतं. उत्प्लावक बल, म्हणजे पाण्याचं वर ढकलणं, मात्र मला सुचायला हवं होतं. जड गोळा घेऊन बघ रे.

गॅरेजवाला_वाई
मोठ्या बेअरिंगचा छर्रा हाय माझ्याकडं. हूक वेल्ड करून देतो, ये उद्या. फुकट.

कृष्णाकाठ_सांगली
पोलादाची घनता 7.8. दोरी तेवढीच ठेवलीस तर पाण्यात 1.57 च्या आसपास यायला हवा. आधी वहीत लिही, मग मोज.

सातारी_बारावी
रविवार रात्र. वाईला जाऊन आलो. 10 हेलकावे, 15.8 सेकंद!!! पण सरांनी आधीच "डँपिंगमुळे" लिहून घेतलंय सगळ्यांकडून. आता काय करू?

नाना_निवृत्त
दोन्ही गोळ्यांची आकडेमोड शेजारी शेजारी लिही आणि वर्ग संपल्यावर दाखव. सगळ्यांसमोर नको.

गॅरेजवाला_वाई
छर्रा आणून दे मंगळवारपर्यंत.