३० हजारांत मुलीसाठी डेस्कटॉप आणि मॉनिटर: स्वस्तातला ‘नवा आय७’ घ्यावा की कार्यालयीन वापरातले जुने यंत्र?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी संगणक अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. पहिले वर्ष तिने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेवर आणि माझ्या मोबाईलवर कसेबसे काढले. आता मात्र जावा ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू झाली आहे, पुढच्या वर्षी अँड्रॉइड ॲपचा विषय येणार आहे, आणि प्रयोगशाळेत मिळणारे दोन तास तिला पुरत नाहीत. आम्ही वाळवा तालुक्यातील एका गावात राहतो. हप्त्याने काही घ्यायचे नाही असे घरात ठरले असल्यामुळे यंत्र, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि यूपीएस हे सर्व ३० हजारांच्या आत बसवायचे आहे.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एक दुकानदार १९,५०० रुपयांत संपूर्ण संच देत आहे. त्यात ‘नवा आय७’, १६ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी आणि १९ इंची मॉनिटर आहे. दुसरा पर्याय कोल्हापूरचा असून तिथे डेल ऑप्टिप्लेक्स हे कार्यालयात वापरलेले, दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेले (रिफर्बिश्ड) यंत्र मॉनिटरशिवाय १५,५०० रुपयांना सांगितले आहे. त्यात आय५-८५००, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी आहे. आय७ सोडून आय५ घ्यायचा, तोही कोणीतरी वापरलेला आणि वर मॉनिटर वेगळा, हे मला पटत नाही. परंतु मुलगी म्हणते की आधी कोणाला तरी विचारा. कृपया मार्गदर्शन करावे.

सुटेभाग यांचे उत्तर

आपल्या मुलीने विचारायला लावले, हे फार चांगले केले. पहिला संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण दुकानदाराने न सांगितलेल्या आकड्यात आहे.

आय३, आय५, आय७ ही केवळ श्रेणीची नावे आहेत. प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे हे त्यापुढील क्रमांकावरून कळते. आय७-२६०० म्हणजे दुसरी पिढी, साल २०११. आय७-३७७० म्हणजे तिसरी, साल २०१२. आपल्याला सांगितलेला आय५-८५०० हा आठव्या पिढीचा, २०१८ सालचा. क्रमांक पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे पिढीचे धरावेत; त्यामुळे आय३-१२१०० हा बाराव्या पिढीचा ठरतो, आणि तो नावाने ‘आय३’ असूनही २०११ च्या आय७ पेक्षा पुष्कळ वेगवान आहे. मॉनिटरसकट १९ हजारांत ‘नवा आय७’ मिळतो तेव्हा तो जवळजवळ नेहमीच जुन्या यंत्रातून काढलेला दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो, आणि एच६१ या जुन्या चिपसेटच्या, नव्याने बनवलेल्या स्वस्त मदरबोर्डवर तो बसवलेला असतो. बोर्ड नवा, कॅबिनेट नवे, म्हणून संचही नवा म्हणायचा, असा हा प्रकार आहे. मी दुरुस्तीच्या धंद्यात असल्यामुळे असे संच दर महिन्याला टेबलावर येतात, आणि ज्यांनी पै-पै साठवून ते घेतले त्यांना खरी गोष्ट सांगताना मला अतिशय वाईट वाटते.

या संचाची अडचण केवळ वेगाची नाही. त्यातली रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची असते, म्हणजे पुढे यंत्र बदलले तर ती १६ जीबी रॅम नव्या यंत्रात चालणार नाही. एच६१ चे साटा (एसएसडी जोडण्याचे) पोर्ट ३ गिगाबिटचे असल्यामुळे साटा एसएसडीचा वेगही साधारण अर्ध्यावर येतो. त्याशिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपला दुसरा पर्याय या अटीत बसतो. अशा ब्रँडेड कार्यालयीन यंत्रांसोबत बहुधा विंडोजचा अधिकृत परवानाही मदरबोर्डशी जोडलेला येतो. स्वस्त जोडसंचात मिळणारे विंडोज मात्र बहुतेक वेळा चोरीचे असते.

रिफर्बिश्ड यंत्र घेताना दुकानातच अर्धा तास बसण्याची तयारी ठेवावी. यंत्र सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रवेश मिळतो का, हे सर्वांत आधी पाहावे, कारण कंपनीतून निघालेल्या काही यंत्रांवर जुन्या मालकाचा पासवर्ड तसाच राहिलेला असतो आणि तो नंतर काढणे हे मोठे दुखणे होऊन बसते. त्यानंतर सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामने प्रोसेसरचा क्रमांक आणि क्रिस्टलडिस्कइन्फोने एसएसडीची प्रकृती व वापराचे तास तपासावेत. तारीख-वेळ चुकलेली दिसली तर सीआर२०३२ ची गोल बॅटरी संपली आहे एवढेच समजावे. ती किरकोळ किमतीत मिळते. पंखा खरखरत असेल तर साफसफाई करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नव्याने लावून मागावी. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि वॉरंटीचा कालावधी लिहून घ्यावा.

अक्षरजुळणी यांचे उत्तर

प्रोसेसरबद्दल वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. मी मॉनिटरबद्दल लिहिते, कारण पहिल्या संचातला ‘१९ इंची’ हा शब्द मला अधिक खटकला. या आकाराचे स्वस्त मॉनिटर प्रत्यक्षात १८.५ इंचाचे आणि १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचे असतात. एवढ्याशा उंचीत कोड लिहिण्याची खिडकी आणि चुका दाखवणारी खिडकी एकाखाली एक उघडली की कोडच्या दहा-बारा ओळीच शिल्लक राहतात, आणि विद्यार्थ्याचा निम्मा वेळ वरखाली सरकण्यात जातो.

१९२० गुणिले १०८० पिक्सेलचा, आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी नीट दिसणारा पडदा) असलेला मॉनिटरच घ्यावा. २१.५ इंचावर या पिक्सेलची घनता इंचाला सुमारे १०२ येते, २३.८ इंचावर सुमारे ९२, आणि २७ इंचावर ती ८२ पर्यंत उतरते. मी वीस वर्षे मराठी मजकुराची जुळणी करते आहे आणि माझ्या अनुभवाने सांगते की देवनागरीला हा फरक रोमन लिपीपेक्षा जास्त जाणवतो, कारण आपल्या एका अक्षराला वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर एवढे सगळे त्याच उंचीत सामावून घ्यावे लागते. २७ इंची मॉनिटरवर १०८० च्या पिक्सेलांत ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे ओळखताना डोळे ताणावे लागतात. म्हणून या अंदाजपत्रकात २२ किंवा २४ इंचांच्या पुढे जाण्याचे कारण नाही. दुकानात चित्रफीत पाहून निवड करू नये. एखादे मराठी वृत्तपत्राचे पान उघडायला सांगून ते नेहमीच्या अंतरावरून, थोडे बाजूने आणि खालून वाचून पाहावे. टीएन या स्वस्त प्रकारचा पॅनेल असेल तर खालून पाहताना पडदा काळवंडलेला लगेच दिसतो.

जोडणीकडेही लक्ष द्यावे. स्वस्त मॉनिटरला एचडीएमआय आणि व्हीजीए असतात, तर कार्यालयीन यंत्रांना पुष्कळदा डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए. समान दुवा म्हणून दुकानदार व्हीजीए या जुन्या जोडणीची वायर देतो आणि नव्या मॉनिटरवर अक्षरे किंचित पुसट दिसतात. यंत्राकडून डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय अशी वायर मागून घ्यावी. ती एकाच दिशेने चालते, त्यामुळे उलटी वायर आणली तर पडदा काळाच राहील.

आपल्या अंदाजपत्रकात सर्वांत जास्त वर्षे टिकणारी वस्तू मॉनिटर आहे. यंत्र बदलले तरी तो राहतो. मुलीचे डोळे त्याच्यासमोर रोज चार-पाच तास असणार आहेत, त्यामुळे तिथे हजार रुपये वाचवू नयेत.

रात्रपाळी यांचे उत्तर

माझे मत थोडे वेगळे आहे. कार्यालयीन यंत्रांचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, त्यामुळे वॉरंटी संपल्यावर ते बिघडले तर बाजारातला साधा भाग बसत नाही; बारीक कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डही कमी उंचीचेच लागते. आणखी सात-आठ हजार उभे राहण्याची शक्यता असेल तर सहा महिने थांबून आय३-१२१०० किंवा एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरवर नवे यंत्र जुळवावे, म्हणजे भागांवर कंपनीची वॉरंटी मिळते आणि पुढे एकेक भाग बदलता येतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल दुकानदाराला प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारला. आधी टाळाटाळ झाली, मग आय७-२६०० असे उत्तर आले. तो पर्याय आम्ही सोडून दिला आहे. सहा महिने थांबणे मात्र शक्य नाही, कारण तोपर्यंत जावाची परीक्षा होऊन गेलेली असेल.

कोल्हापूरचा हिशेब असा झाला: यंत्र १५,५००, आणखी ८ जीबी रॅम २,४००, २२ इंची आयपीएस मॉनिटर ८,३००, ६०० व्हीएचा यूपीएस २,७००, कीबोर्ड-माऊस ९००, वायर ३५० आणि वाय-फायसाठी यूएसबी ॲडॉप्टर ५००. एकूण ३०,६५० रुपये. यूपीएस सध्या वगळला तर चालेल का?

सुटेभाग

यूपीएस वगळू नये. आपल्याकडे वीज नुसती जात नाही, ती जाता-येता दाबही वरखाली होतो, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाईलही खराब होऊ शकते. हे यंत्र आणि मॉनिटर मिळून साध्या कामात शंभर वॉटच्या आतच राहतात, त्यामुळे ६०० व्हीएच्या यूपीएसवर काम जतन करून यंत्र नीट बंद करण्याइतका वेळ आरामात मिळतो. घरातल्या ज्या सॉकेटला हे जोडणार, तिथले अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्यावे.

त्याऐवजी वाय-फायचा ॲडॉप्टर वगळावा. आपला मोबाईल यूएसबी वायरने जोडून टेदरिंग सुरू केले की इंटरनेट मिळते. जास्तीची रॅमही आज घेतली नाही तर जावा अडत नाही. ८ जीबीत ते व्यवस्थित चालते. रॅम खरोखर लागेल ती ॲप बनवण्याच्या अँड्रॉइड स्टुडिओ या प्रोग्रामला, आणि तेव्हाही संगणकावरचा एम्युलेटर (पडद्यावरचा नकली मोबाईल) न वापरता ॲप थेट मोबाईलवर चालवून पाहिले तर पुष्कळ भार कमी होतो. हे दोन्ही वगळल्यावर बेरीज २७,७५० होते. मात्र गेल्या काही महिन्यांत रॅमचे भाव चढेच आहेत, म्हणून उरलेल्या पैशांतून शक्य असेल तर रॅम आताच घ्यावी, असे मी सुचवेन. ती धरूनही ३०,१५० होतात, आणि एकाच दुकानातून सर्व घेत असल्यामुळे दीडशे रुपये कमी करून मिळायला हरकत नाही.

एक गोष्ट पैसे देण्याआधी पाहावी. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमच्या पट्ट्यांचे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. ८ जीबीची एकच पट्टी लावलेली असेल तर तशीच दुसरी लावावी. दोन्ही पट्ट्या एकत्र काम करतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो. ४ जीबीच्या दोन पट्ट्या लावून दोन्ही स्लॉट भरलेले असतील, तर त्या काढून ८ जीबीची एक पट्टी लावून द्या, असे आधीच सांगावे.

कृष्णाकाठ

शनिवारी मुलीला घेऊनच कोल्हापूरला जातो. स्लॉट, बायोस आणि वायर या तीन गोष्टी तिने वहीत लिहून घेतल्या आहेत.