चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरात भिंतींना ओल आणि बुरशी. चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) रंग द्यावा का?

माटोळी:
नमस्कार. घर गोव्यात डिचोली तालुक्यात, साधारण ८० वर्षांचे. दीड फूट जाडीच्या चिऱ्यांच्या भिंती, मातीत बांधलेल्या. वर मंगळुरी कौले, मध्ये राजांगण, म्हणजे घरातला उघडा चौक. तीन वर्षांपूर्वी मोठी डागडुजी झाली. चुन्याचा जुना गिलावा काढून सिमेंटचा केला, वर पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग. शेणाने सारवायची जमीन होती तिथे प्लास्टिक अंथरून काँक्रीट आणि व्हिट्रिफाइड फरशी. राजांगणावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा, आणि अंगणात थेट भिंतीला भिडवून पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे).

आता जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंगाला फुगे आलेत. बोट लावले की पापुद्रा सुटतो, खाली पांढरी पूड. पूर्वेच्या खोलीत कपाटामागे काळे-हिरवे ठिपके, कपड्यांना कुबट वास. घरात दम्याचा रुग्ण आहे. ठेकेदार म्हणतो, भिंतीत केमिकलची इंजेक्शने मारून वर पुन्हा वॉटरप्रूफ रंग द्या. चवथ दीड महिन्यावर आली. सुरुवात कुठून करू?

चुना_सुरखी:
रंग आता देऊ नका, इंजेक्शनचे पैसेही हातात ठेवा. तुमच्या घरात दोन वेगळे आजार आहेत. ते आधी वेगळे ओळखा.

पांढऱ्या पुडीवर पाण्याचा एक थेंब टाका. विरघळली तर लोणा, म्हणजे जमिनीतून वर चढलेल्या पाण्याबरोबर आलेले क्षार. न विरघळता डाग नुसता पसरला तर बुरशी. मग कपाटामागच्या भिंतीवर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या मागे पाणी जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. वागणूक दोन्हींना उलटी: लोणा कोरड्या ब्रशने झाडून पूड गोळा करून बाहेर टाकायचा, पाण्याने पुसलात तर क्षार परत भिंतीत मुरतात. बुरशी मात्र कोरडी कधीच घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, फडके टाकून द्या. दम्याच्या रुग्णाला त्या दिवशी दुसरीकडे झोपवा. ब्लीच वापरलेच तर त्यात ॲसिड किंवा अमोनियाचा क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

तीन फुटांपर्यंतची ओल कशाने आली, ते तुमच्या वर्णनातच आहे. चिरा सच्छिद्र, पाणी ओढून घेणारच. पूर्वी जमिनीतला दमटपणा सारवलेल्या जमिनीतून, सगळ्या क्षेत्रफळातून, हळूहळू उडून जायचा. प्लास्टिक आणि फरशीने ती वाट बंद केली, म्हणून पाणी कडेच्या भिंतींत शिरले. भिंतीला चुन्याच्या गिलाव्यातून श्वास होता, तोही सिमेंटने आणि रंगाने कोंडला. वाट न मिळालेले पाणी वर चढत राहते आणि क्षार रंगाच्या मागे जमून त्याला ढकलून काढतात. वर आणखी वॉटरप्रूफ थर दिलात तर फुगे तीनऐवजी चार फुटांवर येतील.

काम बाहेरून सुरू करा. भिंतीलगतचे दोन फूट पेव्हर उचला. अंगणाची पातळी आतल्या जमिनीपेक्षा निदान ६ इंच खाली हवी. पेव्हर घालताना ती बहुतेक वेळा वर येते आणि जोते गाडले जाते. ३० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल चर काढा. पण पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका, तिथे पाया उघडा पडतो. चरात जिओटेक्स्टाइलचे (पाणी सोडणारे, माती अडवणारे) कापड, त्यावर छिद्रांचा ११० मिमी पीव्हीसी पाइप, छिद्रे खालच्या बाजूला, दर १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार, आणि वर २० मिमी खडी. पाइपचे तोंड उताराकडे काढा, विहिरीकडे नको.

कौलांचे पाणी पन्हळीत धरा. तासाला १०० मिमी पावसात छपराच्या ४० चौरस मीटर बाजूवरून ४,००० लिटर पाणी पडते. ते पागोळ्यांतून भिंतीच्या पायाशीच आपटत असेल तर बाकीचे काम वाया.

गिलावा दिवाळीनंतर. ओल्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत सिमेंट खरवडून काढा, सांधे १५-२० मिमी मोकळे करा आणि चिरा उघडा राहू द्या. अशी भिंत साधारण महिन्याला एक इंच वाळते, तीही मोकळ्या बाजूने. तुमची १८ इंचांची आहे. दोन्हीकडून उघडी केली तरी पूर्ण वाळायला नऊ महिने. तेवढे थांबायला नको, चुन्याचा गिलावा थोडी उरलेली ओल बाहेर सोडत राहतो. फेब्रुवारीत गिलावा केला तर चालेल.

मिश्रण: १ भाग भिजवून मुरवलेला चुना, १ भाग सुरखी (विटांची भुकटी), २ भाग धुतलेली वाळू. खाडीची खारी वाळू नको, ती लोणाच घेऊन येते. चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवून चाळा. न विरलेला खडा राहिला तर महिन्यांनी गिलाव्यात फुलून खपली उडवतो. पहिला थर १२ मिमी, पाच ते सात दिवसांनी दुसरा ८ मिमी, शेवटी ३ मिमी नीरू, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत वरचा थर. आठ-दहा दिवस गोणपाट ओले ठेवून झाका, नाहीतर चुना पकडण्याआधी सुकतो आणि हात लावला की भुकटी निघते. गवंडी 'पटकन धरेल' म्हणून मूठभर सिमेंट टाकू बघेल. टाकू देऊ नका. साडेचार फूट उंच, २० मीटर लांब पट्ट्याला, सांधे आणि नासधूस धरून, पाऊण घनमीटर मिश्रण लागेल. चुना डोळ्याला भाजतो, चष्मा घाला.

वारा_येऊ_दे:
भिंतीचे वर आले आहे, मी हवेचे लिहितो. त्या काळ्या ठिपक्यांचे कारण बहुधा हेच.

राजांगण हे घराचे धुरांडे आहे. गरम, दमट हवा तिथून वर जाते आणि खालच्या खोल्यांतून नवी हवा ओढली जाते. पत्रा घट्ट बसवला की सगळे घर थांबते. पत्रा काढायची गरज नाही; दीड फूट वर उचला, चारही बाजू मोकळ्या ठेवा, झडीसाठी कडा दोन फूट बाहेर काढा आणि डासांची जाळी मारा.

स्वयंपाकघर विसरू नका. एक किलो गॅस जळला की साधारण दीड लिटर पाण्याची वाफ होते, १४.२ किलोच्या सिलिंडरमधून २२ लिटर. शिवाय भाताची वाफ. न्हाणीघरात १५० मिमीचा एक्झॉस्ट, आंघोळीनंतर अर्धा तास चालू, आणि दाराखाली अर्ध्या इंचाची फट. फट नसेल तर पंखा फिरतो, हवा हलत नाही.

पूर्वेच्या खोलीत एसी आहे का? बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांखाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठावर दव पडते. एसी २२ वर लावून शेजारची खिडकी उघडली की कपाटामागची थंड भिंत आपोआप भिजते. एसी २६-२७ वर ठेवा, दार बंद. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढा, खाली पाय लावा. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक आणा. बंद खोलीत ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा. भिंतीलगत ८० च्या वर राहिली की बुरशी परत येते. जुलैत दिवसभर खिडक्या उघड्या टाकल्याने घर सुकत नाही, हे मनात धरा.

कौलारू:
जुन्या दारे-खिडक्यांना ऑइलपेंट असेल तर कोरडा सँडपेपर मारू नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसे भरपूर असू शकते. पाणी मारून घासा, खरवड गोळा करा. दम्याच्या माणसाला धुळीचा त्रास होतोच, मुलांना शिशाचा अधिक.

काळोखासाठी सोपा उपाय: काचेची कौले. मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण १५ बसतात. दर खोलीला दोन-तीन काचेची घातली की दिवसा दिवा लागत नाही. दक्षिणेच्या उतारावर फार नको, उन्हाळ्यात तापते.

माटोळी:
मनापासून आभार. थेंब टाकून पाहिला: खालची पूड विरघळली, कपाटामागचे ठिपके नाही. एसी आहे, २१ वर असतो. दोन शंका. फरशी उखडावी लागेल का? आणि चवथीला देवाच्या खोलीची भिंत तशीच ठेवायची?

चुना_सुरखी:
सगळी फरशी नको. भिंतीलगतची एक फूट पट्टी काढा, खालचे काँक्रीट आणि प्लास्टिक कापा, त्या जागी खडी आणि वर चुन्यात बसवलेले चिरे किंवा विटा. ओल तिथून बाहेर पडेल. दुसऱ्या पावसाळ्यातही भिंत तीन फुटांवर ओलीच राहिली तर इंजेक्शनचा विचार करू. मातीत बांधलेल्या भिंतीत पोकळ्या असतात, रसायन एकसारखे पसरत नाही.

देवाच्या खोलीत आता सुटलेला रंग आणि पुट्टी खरवडा, लोणा झाडा, आणि चुन्याची सफेदी द्या. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी, थोडा डिंक, कापडातून गाळलेले. मिश्रण दुधासारखे पातळ हवे. जाड लावलात तर कपच्या निघतात. तीन पातळ हात, प्रत्येक हाताच्या आधी भिंत पाण्याने ओलवून. खाली फूटभर लाल पट्टा हवा असेल तर काव (गेरू) मिसळा, लोहाचे रंग चुन्यात टिकतात. चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. उरलेल्या सिमेंटवर ही सफेदी मोसमभरच टिकेल, आणि नोव्हेंबरात गिलाव्याबरोबर ती खाली येणारच आहे.

वारा_येऊ_दे:
माटोळी (गणपतीवर टांगायची पाने-फळे) बांधायची ती आडवी चौकट भिंतीपासून निदान फूटभर सुटी ठेवा. ओली पाने-फळे दहा दिवस भिंतीला टेकली की तिथे नवे ठिपके धरतात.